भूमातेची पोथी वाचणारे दाराशा वाडिया



एच.एस.सी.चा निकाल लागला की आपल्या घराघरांतून एकच चर्चा सुरू होते. मुलाने पुढे काय शिकावे? डॉक्टर, वकील, हिशेबनीस आणि अलीकडे संगणकाचे काम, ही नावे सर्वांच्या तोंडी असतात. अशा वेळी एखाद्या मुलाने किंवा मुलीने भूगर्भशास्त्रात बी.एस्सी. करण्याची इच्छा दाखवली, तर आईवडील एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. दगडधोंडे शिकून पोट कसे भरणार, अशी त्यांना काळजी वाटते. ही काळजी केवळ आपल्या बेटावरची नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात रेडमंड नावाचे शहर आहे. मायक्रोसॉफ्ट या संगणकाच्या मोठ्या कंपनीमुळे ते जगभर ठाऊक झाले आणि तेथे पुष्कळ भारतीय कुटुंबे राहावयास गेली. तेथील एका मराठी घरातही हाच प्रश्न उभा राहिल्याचे मध्यंतरी कानावर आले. त्या घराला आणि आपल्या घरांनाही उपयोगी पडावे असे एक चरित्र आज सांगावयाचे आहे. ते म्हणजे भारताचे थोर भूगर्भशास्त्रज्ञ कै. दाराशा नोशेरवान वाडिया यांचे.

दाराशांचा जन्म १८८३ च्या ऑक्टोबर महिन्यात गुजरातमधील सुरत शहरी एका पारशी कुटुंबात झाला. वाडिया हे जहाजे बांधणाऱ्यांचे प्रसिद्ध घराणे. परंतु दाराशांच्या वडिलांची नोकरी साधी होती. ते रेल्वेत स्टेशनमास्तर होते. लहान स्टेशनाच्या गावी चांगली शाळा कोठून असणार? म्हणून मुलांना सुरतेस आजीजवळ ठेवण्यात आले. दाराशांचे पहिले शिक्षण तेथेच गुजराती शाळेत झाले. अकरा-बारा वर्षांचे असताना ते बडोद्यास आले. त्यांचे थोरले बंधू शिक्षणक्षेत्रातले होते आणि धाकट्या भावाच्या अभ्यासावर त्यांची चांगली छाप पडली.

बडोदे हे नाव आपणां मराठी लोकांना परके नाही. शहर गुजरातेत असले तरी तेथे मराठ्यांचे, म्हणजे गायकवाडांचे राज्य होते. त्या काळी गादीवर महाराज सयाजीराव तिसरे होते. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी घरातला हा मुलगा १८७५ साली दत्तक येऊन राजा झाला आणि विद्येचा मोठा आश्रयदाता ठरला. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा प्रयोग त्यांनी १८९३ साली अमरेली भागात सुरू केला आणि पुढे तो साऱ्या राज्यात नेला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली अमेरिकेत शिकावयास गेले, ते याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. बडोद्यात कॉलेज होते, तसे एक मोठे वस्तुसंग्रहालयही होते. ही दोन्ही ठिकाणे आपल्या कथेत महत्त्वाची आहेत.

सोळाव्या वर्षी दाराशा बडोदे कॉलेजात दाखल झाले. हे कॉलेज मुंबई विद्यापीठाशी जोडलेले होते. १९०३ साली त्यांनी वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र हे विषय घेऊन बी.एस्सी. पदवी मिळवली. एवढ्यावर नोकरी मिळण्यासारखी होती. दुसरा एखादा तरुण तेथेच थांबला असता. पण कॉलेजातील निसर्गविज्ञानाचे प्राध्यापक अदरजी मसानी यांच्या सहवासात त्यांना निसर्गाची गोडी लागली होती, आणि झाडे व प्राणी पाहता पाहता त्यांचे लक्ष पायाखालच्या जमिनीकडे गेले. त्यांनी पुन्हा अभ्यास केला आणि १९०५ साली वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र हे विषय घेऊन दुसऱ्यांदा बी.एस्सी. केली. १९०६ साली जीवशास्त्र व भूगर्भशास्त्रात ते एम.ए. झाले.

त्या काळी भारतात भूगर्भशास्त्र शिकवणारी कॉलेजे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. बडोद्यातही या विषयाची फारशी सोय नव्हती. दाराशा बरेचसे स्वतःच शिकले. वाचनासाठी ग्रंथ होते, आणि संग्रहालयाच्या कपाटांत खनिजे, खडक व जीवाश्म यांचे नमुने मांडून ठेवलेले होते. जीवाश्म म्हणजे फार प्राचीन काळच्या प्राण्यांचे वा वनस्पतींचे दगड झालेले अवशेष. पुस्तकात वाचावे, मग संग्रहालयात जाऊन तो नमुना डोळ्यांनी पाहावा, असा त्यांचा अभ्यास चाले. महाराजांनी प्रजेसाठी उभारलेली ती कपाटे त्यांच्या उपयोगी आली.

या पदवीसाठी विद्यार्थी शिकतो तरी काय, हेही येथे थोडक्यात पाहू. पहिल्या वर्षी खनिजे ओळखावी लागतात. रंग, चकाकी, कठीणपणा, वजन आणि घासल्यावर उठणारी रेघ यांवरून कोणते खनिज ते सांगावयाचे. पुढे खडक येतात: तप्त रसातून थिजलेले, पाण्याखाली गाळ साचून झालेले, आणि उष्णता व दाब यांनी रूप बदललेले. खडकाचा तुकडा घासून घासून इतका पातळ करतात की त्यातून उजेड आरपार जातो, आणि मग तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्यानंतर जीवाश्म, थरांचा क्रम, थरांना पडलेल्या घड्या व भेगा, भूजल आणि नकाशा काढणे हे विषय असतात. परंतु सर्वांत मोठी शाळा उघड्या रानात भरते. हातोडी, भिंग, होकायंत्र आणि वही घेऊन विद्यार्थी डोंगर चढतो, थर कोणत्या दिशेला व किती कलला आहे ते मोजतो आणि नकाशावर टिपतो. रसायन, पदार्थविज्ञान, गणित आणि जीवशास्त्र या चारही विषयांची येथे गाठ पडते. म्हणून हा विषय सोपा समजून कोणी घेऊ नये आणि निरुपयोगी समजून कोणी टाकूही नये.

१९०७ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, दाराशा जम्मू येथे नव्यानेच निघालेल्या प्रिन्स ऑफ वेल्स कॉलेजात प्राध्यापक झाले. तेथे त्यांनी चौदा वर्षे शिकवले. शहराच्या जवळच शिवालिक टेकड्या आहेत. सुटी लागली की इतर लोक घरी जात आणि हे गृहस्थ हातोडी घेऊन डोंगरात जात. तेथून आणलेले दगड वर्गात ठेवून ते विद्यार्थ्यांना शिकवीत. याच टेकड्यांत त्यांना सुमारे तीन मीटर लांबीचा एक सुळा सापडला. तो लाखो वर्षांपूर्वी नाहीशा झालेल्या हत्तीच्या जातीचा होता. या जातीला शास्त्रज्ञांनी पूर्वीच स्टेगोडॉन गणेशा असे नाव दिले होते. दरवर्षी भक्तिभावाने गणपती बसवणाऱ्या आपल्या कुटुंबांना हे नाव ऐकून कौतुक वाटेल.

शिकवताना त्यांना एक अडचण जाणवली. भारताच्या भूगर्भाविषयीचा मोठा सरकारी ग्रंथ १८७९ साली निघाला होता आणि १८९३ साली त्याची दुसरी आवृत्ती आली होती. पण तो जुना झाला होता आणि नवख्या विद्यार्थ्याला झेपणाराही नव्हता. इतर क्रमिक पुस्तके विलायतेची, त्यांतली उदाहरणेही विलायतेची. जम्मूच्या मुलाने इंग्लंडच्या टेकड्या कशा समजून घ्याव्यात? तेव्हा दाराशांनी स्वतःच पुस्तक लिहावयास घेतले. १९१९ साली त्यांचा भारताच्या भूगर्भशास्त्रावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो त्यांनी विद्यार्थ्यांसाठी लिहिला होता. परंतु जाणकारांनीही तो डोक्यावर घेतला. त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. शिक्षकाच्या गरजेतून जन्मलेले पुस्तक किती दूर जाते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

१९२१ साली त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले. भारतीय भूगर्भ सर्वेक्षण या सरकारी खात्यात त्यांची नेमणूक झाली. तेव्हा ते अडतिसाव्या वर्षात होते. या वयात लोक स्थिर होतात, आणि ते डोंगर चढण्याची नोकरी पत्करत होते. या खात्यातील वरच्या जागा बहुतेक साहेबांकडे असत आणि भारतीय माणसाला तेथे जायचे तर विलायतेची पदवी लागे. युरोपातील पदवी नसताना तेथे अधिकारी म्हणून नेमले गेलेले दाराशा हे पहिले भारतीय होत. बडोद्याची पदवी आणि चौदा वर्षांची पायपीट, एवढ्यावर त्यांनी ते दार उघडले.

खात्याने त्यांना पूंछ, हजारा व काश्मीर हा वायव्येकडील प्रदेश दिला. तंबू, खेचरे आणि हमाल घेऊन ते महिनोन्महिने डोंगरांत राहत. या भागात एक जुने कोडे होते. हिमालयाच्या रांगा पूर्वेकडून वायव्येकडे सरळ येतात आणि नंगा पर्वताजवळ, म्हणजे ८,१२६ मीटर उंचीच्या त्या महाशिखराजवळ, एकदम वळून नैर्ऋत्येकडे जातात. असे का व्हावे? दाराशांनी वळणाच्या दोन्ही बाजूंचे थर पायी फिरून तपासले. एका बाजूला जो क्रम, तोच दुसऱ्या बाजूला त्यांना आढळला. याचा अर्थ पर्वताच्या रांगा तुटलेल्या नव्हत्या. त्या वळसा घेऊन पुढे जात होत्या.

त्यांनी याचे कारणही सांगितले. फार प्राचीन काळी जेथे आज हिमालय आहे तेथे समुद्र होता आणि त्याच्या तळाशी गाळाचे थर साचले होते. भारताच्या जुन्या कठीण भूमीचा एक सुळका जिभेसारखा उत्तरेकडे पुढे आलेला होता. दाब पडून थर उचलले जाऊ लागले तेव्हा त्यांना या सुळक्याभोवती वळावे लागले. जमिनीवर धोतर पसरून ते खांबाकडे रेटले, तर त्याच्या चुण्या खांबाला वळसा घालून पडतात. तसेच हे आहे. १९३१ साली त्यांनी हा विचार प्रसिद्ध केला आणि जगभरच्या शास्त्रज्ञांत त्यांचे नाव झाले. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १९३४ साली आणि तेथील भूगर्भशास्त्रीय संस्थेने १९४३ साली त्यांचा गौरव केला. त्यांची दृष्टी केवळ उंच शिखरांवर नव्हती. भारतातील शेतजमिनींचा खालच्या खडकांशी काय संबंध आहे, याविषयी त्यांनी दोन सहकाऱ्यांसह १९३५ साली निबंध प्रसिद्ध केला. कोणत्या खडकापासून कोणती माती होते, हे कळल्यावाचून शेतीचे खरे ज्ञान होत नाही.

१९३८ साली वयोमानाप्रमाणे ते सरकारी नोकरीतून निवृत्त झाले; परंतु विश्रांती त्यांच्या नशिबी नव्हती. आपल्यासारख्याच हिंदी महासागरातील एका बेटाने त्यांना बोलावले. ते बेट म्हणजे सिलोन, आजची श्रीलंका. तेथे ते १९४४ पर्यंत सरकारचे खनिजतज्ज्ञ होते. हिमालयातील दुमडलेल्या थरांत आयुष्य घालवलेला हा माणूस आता फार जुन्या, कठीण खडकांचे बेट अभ्यासू लागला. लंकेची जमीन समुद्रापासून मध्यावरच्या डोंगरांकडे पायऱ्यांसारखी तीन टप्प्यांनी चढत जाते. तिची ही रचना कशी झाली असावी, यावर त्यांनी लिहिले. बेट लहान असले म्हणून त्याचा भूगर्भ क्षुल्लक नसतो, हे त्यांच्या कामातून दिसते.

याच काळात एक सुंदर योग आला. १९४२ च्या जानेवारीत भारतीय विज्ञान काँग्रेसचे अधिवेशन बडोद्यास भरले आणि त्याचे अध्यक्ष होते दाराशा वाडिया. ज्या गावात संग्रहालयाच्या कपाटांपुढे उभे राहून एका विद्यार्थ्याने भूगर्भशास्त्राचे धडे गिरवले, त्याच गावी साऱ्या देशाचे शास्त्रज्ञ त्याचे भाषण ऐकण्यास जमले होते. सयाजीराव महाराज मात्र हा दिवस पाहण्यास नव्हते. १९३९ साली त्यांचे निधन झाले होते.

सिलोनहून परतल्यावर दाराशा भारत सरकारचे भूगर्भविषयक सल्लागार झाले. देश स्वतंत्र होण्याच्या त्या वर्षांत खाणींचा कारभार पाहणारे नवे सरकारी कार्यालय निघाले, त्याची धुरा त्यांच्याकडे आली. १९४९ साली अणुशक्तीसाठी लागणारी खनिजे शोधण्याचे काम सुरू झाले, तेव्हा तेही त्यांच्यावरच सोपवण्यात आले. त्या वेळी त्यांनी पासष्टी ओलांडली होती. त्यांच्या हाताखाली तरुण भूगर्भशास्त्रज्ञांची तुकडी तयार झाली आणि १९५१ साली बिहारमधील, म्हणजे आजच्या झारखंडमधील, जादुगुडा येथे युरेनियमचा साठा सापडला. १९५७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्य करून घेतले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय भूगर्भशास्त्रज्ञ. १९५८ साली पद्मभूषण आणि १९६३ साली राष्ट्रीय प्राध्यापक हे सन्मान मिळाले. १९६४ च्या डिसेंबरात जगभरच्या भूगर्भशास्त्रज्ञांची परिषद प्रथमच आशिया खंडात, नवी दिल्लीस भरली. अध्यक्षस्थानी एक्याऐंशी वर्षांचे दाराशा होते.

हिमालयाच्या अभ्यासासाठी एक स्वतंत्र संस्था असावी, ही त्यांची अखेरची इच्छा १९६८ साली पुरी झाली. पुढच्याच वर्षी, १५ जून १९६९ रोजी, त्यांनी देह ठेवला. ती संस्था नंतर डेहराडूनला हलवण्यात आली आणि तिला वाडियांचे नाव देण्यात आले. १९८४ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले.

आता हे सारे आपल्या मॉरिशसच्या माणसाला कशासाठी सांगायचे? त्याला कारण आहे. आपले पूर्वज कोकणातून आले. सह्याद्रीचा काळा कातळ आणि कोकणचा तांबडा जांभा त्यांच्या ओळखीचा होता. या बेटावर उतरल्यावर त्यांनी उसाच्या शेतांतून दगड वेचून काढले आणि त्यांचे ढीग रचले. ते ढीग आजही उसाच्या मळ्यांतून दिसतात. तो दगडही काळाच. हे साम्य योगायोगाचे नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी महाराष्ट्राच्या भूमीवर लाव्हारसाचे थरावर थर पसरले आणि त्यांतूनच पुढे सह्याद्रीचे कडे घडले. हा तप्त रस पृथ्वीच्या पोटातील ज्या उष्ण जागेतून वर आला, त्याच जागेवरून भारताची भूमी उत्तरेकडे सरकत गेली. तिच्या मागे समुद्राच्या तळातून वेगवेगळ्या काळी बेटे वर आली. आपले मॉरिशस त्यांतले एक. त्याचे सर्वांत जुने खडक ८० ते ९० लाख वर्षांचे आहेत. शेजारच्या रेयुनियों बेटावरचा ज्वालामुखी अजून धगधगतो आहे, तो त्याच उष्णतेमुळे. म्हणजे आजोबांच्या गावचा कातळ आणि क्युरपीपच्या त्रू ओ सेर्फच्या कड्यावरचा दगड यांचे मूळ एकच मानले जाते. भूगर्भ सरकतो हा विचार सर्वमान्य झाला तो वाडियांच्या अखेरच्या वर्षांत व त्यानंतर; पण त्यासाठी लागणारी पायाभरणी त्यांच्यासारख्यांनी डोंगर तुडवून केली.

आणि उपयोगाचे म्हणाल, तर तोही दाराशी आहे. विहीर कोठे खोदावी, धरणाचा पाया कोठे धरावा, रस्ता कोणत्या उतारावरून न्यावा, हे भूगर्भशास्त्रज्ञाला विचारावे लागते. पोर्ट लुईच्या ला ब्यूत आणि चित्रकूट भागांत जमीन सरकून घरांना तडे गेले, तेव्हा डोंगराखालची माती जाणणारा माणूसच हवा होता. दूर त्या रेडमंडमध्येही संगणकाच्या कचेऱ्या ज्या प्रदेशात आहेत, तो सुमारे १७ हजार वर्षांपूर्वी बर्फाच्या प्रचंड थराने कोरून काढलेला आहे. माणूस कोणताही धंदा करो, तो उभा असतो जमिनीवरच.

पालकांनो, मुलाने एखादा अनोळखी विषय मागितला तर लगेच नकार देऊ नका. आधी पाहा, त्याला त्याची खरी ओढ आहे का. आडवाटेवरचा दगड उचलून तो निरखतो का? पाऊस पडून गेल्यावर नदीने काय वाहून आणले ते पाहावयास धावतो का? शिकवणाऱ्या संस्था, खर्च आणि पुढील कामाच्या जागा यांची चौकशी जरूर करा. पण विषय कोणी घेत नाही, एवढेच कारण पुढे करू नका. आणि विद्यार्थ्यांनो, आपल्या जवळ मोठे विद्यापीठ नाही म्हणून खंत करू नका. स्टेशनमास्तरांच्या या मुलाजवळ एक संग्रहालय, काही ग्रंथ आणि एक चांगला शिक्षक एवढेच होते. पहिली पदवी हाती असताना आवडीच्या विषयासाठी त्याने दुसऱ्यांदा परीक्षा दिली, आणि तेथूनच सारे सुरू झाले.

गोवा-कोकणच्या किनाऱ्यापासून दूर, अरबी समुद्राच्या तळाशी, सपाट माथ्याचा एक बुडालेला डोंगर आहे. शास्त्रज्ञांनी त्याला वाडियांचे नाव दिले आहे. आपल्या पूर्वजांची जहाजे ज्या समुद्रावरून इकडे आली, त्याच समुद्राच्या पोटात हे नाव कोरले गेले आहे. मुलांना नकाशा दाखवाल तेव्हा तो समुद्रही त्यांना दाखवा.